थेरपीला जायचे ठरवल्यावर: पहिल्या फोनपासून शेवटच्या सेशनपर्यंत

मनाने खचलेल्या किंवा सतत धास्तावलेल्या माणसाला ‘तज्ज्ञांशी बोला’ असा सल्ला हल्ली सहज दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र कोणत्या तज्ज्ञांशी बोलायचे, पहिल्या भेटीत काय विचारायचे, किती दिवस जायचे आणि उपयोग होतो आहे की नाही हे कशावरून ओळखायचे, याविषयी त्याला सहसा कोणी काही सांगत नाही. मग पुष्कळ माणसे एक-दोन सेशननंतर जाणे बंद करतात आणि ‘आपल्याला थेरपीचा उपयोग होत नाही’ असे कायमचे ठरवून टाकतात. त्यांना जे आधी कळायला हवे होते ते या लेखात क्रमाने मांडले आहे. थेरपी हे तुम्ही आणि थेरपिस्ट यांनी मिळून करायचे काम आहे, ही त्यामागची माझी ठाम धारणा आहे. म्हणूनच त्या कामाविषयी, त्यातल्या नाराजीविषयीसुद्धा, त्याच खोलीत उघडपणे बोलता येणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

आधी तातडी किती आहे ते पाहा

जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, मरणाचे विचार मनात येणे आणि स्वतःला इजा करण्याची तयारी करणे या एकाच गोष्टीच्या निरनिराळ्या पायऱ्या आहेत. यांपैकी तिसऱ्या पायरीवर असलेल्या माणसाने थेरपिस्टची वेळ मिळेपर्यंत थांबू नये. त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे किंवा आपल्या भागातल्या मदतवाहिनीला फोन करावा, आणि तोपर्यंत एकटे राहू नये. नसलेले आवाज ऐकू येत असतील, सगळे जण आपल्या वाईटावर टपले आहेत अशी खात्री वाटत असेल, किंवा दिवसचे दिवस झोप नसूनही अंगात अचाट उत्साह संचारला असेल, तरीही आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांनाच गाठावे.

जवळच्या माणसाबद्दल अशी शंका आली तर त्याला सरळ विचारा: “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही भीती निराधार आहे. याविषयी झालेल्या संशोधनात तसे आढळलेले नाही. उलट कोणीतरी न घाबरता विचारले, याचा अनेकांना दिलासा वाटतो. उत्तर ‘हो’ आले तर उपदेश करू नका. त्याच्याजवळ थांबा, इजा करता येईल अशा वस्तू आणि औषधांचा साठा त्याच्या हाताशी राहणार नाही असे पाहा, आणि त्याला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

तातडी नसेल तर पुढचे पाऊल साधे आहे, पण ते बरेचदा राहून जाते: आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून शरीराची तपासणी करून घ्यावी. थायरॉइडचे कार्य मंदावणे, रक्तक्षय, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, झोपेत श्वास अडकणे, मद्यपान आणि काही औषधांचे दुष्परिणाम यांमुळे नैराश्यासारखीच लक्षणे दिसू शकतात, तर थायरॉइडचे कार्य वाढल्यास छातीतली धडधड आणि हातांचा कंप थेट चिंताविकारासारखा भासतो.

कोणाकडे जायचे

मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतात. ते निदान करतात आणि औषधे देतात. त्यांतले काही जण थेरपीही करतात, पण सर्वांनाच तेवढा वेळ देता येत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांनी मानसशास्त्रात उच्च शिक्षण आणि रुग्णांबरोबर काम करण्याचे विशेष प्रशिक्षण घेतलेले असते; मानसिक चाचण्या आणि पद्धतशीर मानसोपचार हे त्यांचे क्षेत्र. समुपदेशक प्रामुख्याने जगण्यातल्या ठरावीक अडचणींवर काम करतात: नात्यातला तणाव, अभ्यासाचा किंवा नोकरीचा ताण, जवळच्या माणसाचा मृत्यू, मोठा निर्णय. या सीमारेषा प्रत्यक्षात तितक्या काटेकोर नसतात. शिवाय अनेक देशांत समुपदेशक ही पाटी कोणीही लावू शकतो, ही गोष्ट मला फार चिंतेची वाटते. म्हणून पाटीवर विसंबू नये आणि शिक्षण, नोंदणी व अनुभव याविषयी निःसंकोच विचारावे. प्रामाणिक व्यावसायिकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

औषध की थेरपी, हा वाद अनेकांना विनाकारण अडवून ठेवतो. सौम्य आणि मध्यम नैराश्यात योग्य थेरपीचा परिणाम साधारणपणे औषधांच्या तोडीचा असतो. तीव्र किंवा वर्षानुवर्षे चाललेल्या नैराश्यात दोन्ही एकत्र घेतल्यास अधिक चांगला परिणाम दिसतो. द्विध्रुवीय (बायपोलर) विकार आणि स्किझोफ्रेनिया यांत औषधे हा उपचाराचा पाया आहे आणि थेरपी त्याला जोड देते. नैराश्यावरील औषधांचा परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण दिसायला त्याहून जास्त काळ लागतो, म्हणून पहिल्याच आठवड्यात निराश होऊन ती सोडू नयेत. बरे वाटू लागले तरी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू कमी करावी लागते.

पद्धतींची तोंडओळख

थेरपीच्या पद्धती शेकडो आहेत आणि ग्राहकाने त्या सगळ्या समजून घेण्याची गरज नाही. चार-पाच गोष्टी मात्र माहीत असाव्यात.

अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर काम करताना पाहिले की, या माणसांच्या मनात स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि भविष्याबद्दल नकारात्मक विचार आपोआप उमटत असतात आणि ती ते न तपासताच खरे मानतात. त्यातून आज सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर काम करणारी थेरपी) म्हणून ओळखली जाणारी पद्धत घडली. त्याआधी, १९५० च्या दशकाच्या मध्यावर, अल्बर्ट एलिस यांनी आपली विवेकनिष्ठ पद्धत मांडायला सुरुवात केली होती. ‘असे झालेच पाहिजे’ या हट्टी आग्रहातून दुःख वाढते, हे तिचे मुख्य सूत्र. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये मांडले की थेरपिस्टची समजून घेण्याची क्षमता, बिनशर्त स्वीकार आणि सच्चेपणा यांनीच माणूस बदलू शकतो. आज कोणत्याही पद्धतीचा चांगला थेरपिस्ट हे तीन गुण गृहीत धरतो. मनोगतिक पद्धतीत जुन्या नात्यांतले साचे आजच्या नात्यांत कसे पुन्हा पुन्हा उमटतात, हे सावकाश उलगडले जाते.

काही त्रासांत मात्र पद्धतीची निवड निर्णायक ठरते. पुन्हा पुन्हा हात धुणे, कुलूप तपासणे असा ओसीडीचा, म्हणजे नकोसे विचार आणि त्यापोटी पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या कृतींचा, त्रास असेल, तर भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाऊन ती कृती रोखून धरण्याचा उपचार येणारा थेरपिस्ट शोधावा. ओसीडीत केवळ धीर देत राहण्याने आजार वाढू शकतो, कारण ‘काही होणार नाही ना?’ या प्रश्नाला मिळणारे प्रत्येक आश्वासन हेच एक नवे कर्मकांड बनते. आघातानंतरच्या तणावविकारासाठी आघातकेंद्रित सीबीटी आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींची मदत घेत आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) या पद्धतींना संशोधनाचा चांगला आधार आहे. मात्र दुर्घटना ताजी असताना माणसाला लगेच सगळे तपशील सांगायला भाग पाडणे हितावह नाही. भावनांचा तीव्र उद्रेक आणि वारंवार स्वतःला इजा करणे यासाठी मार्शा लिनेहान यांनी विकसित केलेली डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, जिच्यात भावना सांभाळण्याची कौशल्ये शिकवली जातात) आहे. नैराश्यासाठी सीबीटी, नात्यांतल्या अडचणींवर काम करणारी आंतरव्यक्ती थेरपी आणि वर्तनाला चालना देणारी पद्धत यांपैकी कोणतीही घेतली तरी सरासरी परिणामांत फारसा फरक पडत नाही, त्यामुळे तिथे पद्धतीच्या नावापेक्षा समोरच्या माणसाशी आपले कितपत जुळते ते पाहावे.

पहिला फोन आणि पहिले सेशन

फोनवर आपली कहाणी सांगायची नसते. त्रास दोन वाक्यांत सांगावा आणि पुढील गोष्टी विचाराव्यात: अशा त्रासावर तुम्ही काम केले आहे का? साधारण कोणत्या पद्धतीने करता? सेशन किती वेळाचे, किती दिवसांनी आणि किती शुल्काचे असते? वेळ रद्द करायची झाल्यास नियम काय? ऑनलाइन सेशनची सोय आहे का? बहुतेक ठिकाणी सेशन ४५ ते ५० मिनिटांचे आणि सुरुवातीला आठवड्यातून एकदा असते. ऑनलाइन सेशन घ्यायचे असेल तर दार बंद करता येईल अशी जागा आधीच हेरून ठेवावी. घरातले कोणी ऐकते आहे या धास्तीत माणूस नेमके महत्त्वाचेच बोलत नाही.

जाण्यापूर्वी अर्धे पान लिहून काढावे: त्रास कधी सुरू झाला, तेव्हा आयुष्यात काय चालू होते, कशाने वाढतो, कशाने थोडा हलका होतो, पूर्वी काय उपचार घेतले, सध्या कोणती औषधे चालू आहेत. बोलताना घसा दाटून आला तर हे पान थेरपिस्टच्या हातात देता येते.

पहिल्या सेशनमध्ये थेरपिस्टच बरेच प्रश्न विचारतात: झोप, भूक, काम, घर, बालपण, व्यसने, आत्महत्येचे विचार. या चौकशीने काहींना कोरडे वाटते, पण आधी पूर्ण चित्र समजल्याशिवाय उपचाराची दिशा ठरत नाही. सगळे त्याच दिवशी सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. “यामागे एक गोष्ट आहे, ती आज सांगू शकत नाही,” एवढे म्हटले तरी पुरे. गोपनीयतेबद्दल मात्र याच वेळी स्पष्ट विचारून घ्यावे. तुम्ही सांगितलेले गुप्त राहते, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला गंभीर धोका असेल, लहान मुलाचा छळ होत असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर अनेक ठिकाणच्या कायद्यांनुसार थेरपिस्टला माहिती द्यावी लागू शकते. हे अपवाद सुरुवातीलाच माहीत असले की पुढे विश्वासघात झाल्यासारखे वाटत नाही.

पहिल्या दोन-तीन भेटींत उद्दिष्ट ठरवावे आणि ते डोळ्यांना दिसेल असे असावे. ‘मला आनंदी व्हायचे आहे’ या उद्दिष्टाकडे कसे जायचे हे कोणालाच सांगता येत नाही. ‘तीन महिन्यांनी मला सकाळी आठपर्यंत उठून कामाला लागता आले पाहिजे’ किंवा ‘आईशी बोलताना फोन आपटून ठेवायचा नाही’ अशा उद्दिष्टांचे पुढे काय झाले ते तपासता येते. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये थेरपीतल्या सहकार्याचे तीन घटक सांगितले: उद्दिष्टांवर एकमत, करायच्या कामांवर एकमत आणि परस्परांतला बंध. थेरपी रखडली की या तिन्हींपैकी नेमके कुठे बिनसले आहे ते आधी पाहावे.

मधल्या आठवड्यांत प्रत्यक्ष काय घडते

समजा, एका माणसाने वरिष्ठांना अहवाल पाठवला आणि दोन दिवस उत्तर आले नाही. त्याची झोप उडाली आहे. थेरपिस्ट त्याला कागदावर रकाने आखायला सांगतात. पहिल्या रकान्यात प्रसंग: ‘उत्तर आले नाही.’ दुसऱ्यात आपोआप आलेला विचार: ‘अहवाल टाकाऊ आहे, आता मला काढून टाकणार.’ तिसऱ्यात भावना आणि तिची तीव्रता: भीती, शंभरपैकी ८५. मग विचाराच्या बाजूचा पुरावा: मागच्या महिन्यात एक चूक दाखवली होती. विरुद्ध बाजूचा पुरावा: चूक दाखवताना बाकीचे काम चांगले असल्याचेही म्हटले होते, ते इतरांनाही उशिराच उत्तर देतात, या आठवड्यात ते प्रवासात आहेत. शेवटच्या रकान्यात तो लिहितो: ‘उत्तर का आले नाही हे मला माहीत नाही. उद्या दुपारी एका ओळीत विचारेन.’ भीती ८५ वरून ५० वर येते. ती शून्यावर येत नाही आणि यायची गरजही नाही. ५० वर असताना तो झोपू शकतो आणि दुसऱ्या दिवशी ती एक ओळ लिहू शकतो. सकारात्मक विचार करण्याचा सल्ला आणि हे काम यांत महत्त्वाचा फरक आहे: इथे कोणी त्याला ‘सगळे छान होईल’ असे मानायला लावलेले नाही, त्याने फक्त पुरावा तपासला.

दुसरे उदाहरण पॅनिक अटॅकचे घेऊ. छातीत धडधडले की हृदयविकाराचा झटका आला असे वाटते, त्या भीतीने धडधड आणखी वाढते, आणि वाढलेली धडधड भीतीला खरे ठरवते. डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हे दुष्टचक्र नेमके मांडून दाखवले. हृदय ठणठणीत असल्याची वैद्यकीय खात्री झाल्यावर थेरपिस्ट त्या माणसाला खोलीतच मिनिटभर जागच्या जागी पळायला लावतात किंवा जलद श्वास घ्यायला सांगतात. तीच धडधड, तीच चक्कर मुद्दाम निर्माण केली जाते आणि ती आपोआप ओसरताना तो स्वतः पाहतो. मग घरी, मग जिन्यात, मग टाळत आलेल्या लिफ्टमध्ये हा सराव होतो. सुरुवातीला हे अतिशय नकोसे वाटते. पण टाळण्याने भीतीला खतपाणी मिळत असते, त्यामुळे तिला सामोरे जाण्यावाचून पर्याय नसतो. हा क्रम मात्र तुमच्या संमतीने आणि तुम्हाला पेलेल अशा गतीनेच ठरला पाहिजे.

दोन्ही उदाहरणांतले बरेचसे काम सेशनबाहेर होते. आठवड्याच्या १६८ तासांतला एकच तास थेरपिस्टबरोबर असतो, म्हणून गृहपाठाला महत्त्व आहे. तो झाला नाही तर लाजेने सेशन चुकवू नये. ‘का झाला नाही’ हाच त्या दिवशीचा विषय ठेवावा. कधी गृहपाठच फार मोठा दिलेला असतो, तर कधी नैराश्याने अंथरुणातून उठणेही अवघड केलेले असते. काही सेशननंतर थकवा येतो, रडू येते, दोन दिवस जुन्या आठवणी वर येत राहतात. शक्य असल्यास सेशननंतर लगेच महत्त्वाचे काम ठेवू नये.

उपयोग होतो आहे का, हे तपासणे

नैराश्यासाठी पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. मागच्या दोन आठवड्यांत प्रत्येक त्रास किती दिवस झाला याला ० ते ३ गुण द्यायचे असतात आणि बेरीज २७ पर्यंत जाते. १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर तज्ज्ञांकडून नीट तपासणी करून घ्यावी. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. पण दर दोन-तीन आठवड्यांनी ती भरली की चढउतार दिसतो आणि पाच गुणांची घट ही लक्षात घेण्याजोगी सुधारणा मानली जाते. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या प्रश्नाला, शून्याशिवाय काहीही उत्तर असेल तर एकूण बेरीज कितीही कमी असली तरी ते थेरपिस्टना सांगावे.

सीबीटीसारख्या मुदतबंद थेरपीचा एक टप्पा साधारण १२ ते २० सेशनचा असतो. सहा ते आठ सेशननंतरही काहीच हलले नसेल तर थांबून दोघांनी विचार करायला हवा: निदान बरोबर आहे का, पद्धत योग्य आहे का, औषधाची जोड हवी का, की काहीतरी अजून सांगायचे राहिले आहे? थेरपी घेणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे ५ ते १० टक्के लोकांची स्थिती उपचारादरम्यान बिघडते, असे अभ्यासांत दिसते, आणि हा बिघाड थेरपिस्टच्या नजरेतून निसटू शकतो. म्हणून ‘तज्ज्ञांना कळत असेलच’ असे धरून चालू नये.

बिनसते तेव्हा

थेरपिस्ट सारखे घड्याळाकडे पाहतात असे वाटते, त्यांचे एखादे वाक्य लागते, ते आपल्या वडिलांचीच बाजू घेत आहेत असा संशय येतो. बहुतेक जण अशा वेळी हसून मान डोलावतात आणि पुढच्या आठवड्यात जात नाहीत. माझा आग्रह आहे की, जाणे सोडण्यापूर्वी एकदा तरी हे बोलून दाखवावे. शब्द सुचत नसतील तर असे म्हणता येईल: “मागच्या वेळी तुम्ही म्हणालात की मी त्यांना माफ करावं, तेव्हा मला फार एकटं वाटलं. आठवडाभर तेच डोक्यात होतं.” चांगला थेरपिस्ट स्वतःचा बचाव करत बसत नाही, तो ऐकतो, विचारतो, चुकले असेल तर मान्य करतो. ज्या माणसाने आयुष्यभर नाराजी गिळली आहे, त्याच्यासाठी नाराजी बोलूनही नाते टिकल्याचा हा अनुभव सगळ्या तंत्रांपेक्षा मोलाचा ठरू शकतो. बोलूनही काही बदलले नाही तर खुशाल दुसरा थेरपिस्ट शोधावा. पहिल्यांना तसे सांगून पुढच्यांसाठी टिपण मागता येते.

काही बाबतींत मात्र चर्चेला जागाच नाही. थेरपिस्टने लैंगिक जवळीक साधण्याचा प्रयत्न करणे, पैसे उसने मागणे, तुमची माहिती इतरांना सांगणे, तुमचा धर्म, जात किंवा लैंगिक कल ‘सुधारण्याचा’ प्रयत्न करणे, ‘शंभर टक्के बरे करतो’ अशी हमी देणे, किंवा डॉक्टरांनी दिलेले औषध परस्पर बंद करायला सांगणे यांपैकी काहीही घडले तर तिथून बाहेर पडा आणि त्या व्यक्तीची जिथे नोंदणी आहे त्या परिषदेकडे तक्रार करा. यात दोष तुमचा नसतो.

घरच्यांसाठी

थेरपीला जाणाऱ्या माणसाला घरी आल्याआल्या “आज काय बोललात?” असे विचारू नका. त्याने आपणहून सांगितले तर ऐका. थेरपिस्टना परस्पर फोन करून त्याच्याबद्दल माहिती मागू नका. ते देणार नाहीत आणि त्यांनी देऊही नये. काही काळजीचे दिसले तर ते तुम्ही कळवू शकता, पण त्याला सांगून कळवणे चांगले. शक्य असेल तर सेशनच्या वेळेपुरते मूल सांभाळणे, सोबत जाऊन बाहेर थांबणे, औषधाची वेळ लक्षात ठेवणे अशी कामे अंगावर घ्या.

थेरपी थांबवताना

उद्दिष्टे बऱ्याच अंशी साधली, गुण खाली येऊन काही आठवडे तिथेच राहिले आणि अडचण आल्यावर थेरपिस्टला विचारण्याआधी स्वतःच मार्ग सुचू लागला, की थांबण्याचा विषय काढावा. एकदम बंद करण्यापेक्षा आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी, मग महिन्याने असे अंतर वाढवत न्यावे. नैराश्य पुन्हा उद्भवू शकते, म्हणून शेवटच्या दोन सेशनमध्ये एक लेखी आराखडा तयार करावा. त्यात स्वतःची धोक्याची लक्षणे नेमक्या शब्दांत असावीत: ‘सलग चार रात्री तीन वाजता जाग येणे’, ‘मित्राचे फोन न उचलणे’. त्याखाली त्या वेळी करायच्या तीन गोष्टी, ज्यांना कळवायचे त्या दोघांची नावे, आणि किती दिवसांत सुधारणा दिसली नाही तर पुन्हा वेळ घ्यायची तो आकडा लिहावा. या आराखड्याची एक प्रत घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे द्यावी, कारण ही लक्षणे अनेकदा आपल्या आधी त्यालाच दिसतात.